पाच व्होल्टचा माग : जुन्या खेळयंत्राच्या वीजपुरवठ्यातील दोष कसा शोधतात

भाषा आणि साहित्य यांना वाहिलेल्या वार्षिकात यंत्रदुरुस्तीवरचा लेख का, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याचे उत्तर आमच्या वर्गात आहे. उपयोजित मराठीच्या तासाला मी दरवर्षी विद्यार्थ्यांना एखाद्या बिघडलेल्या वस्तूची दुरुस्ती समजावून सांगणारे टिपण लिहायला देतो. बहुतेक टिपणांचा शेवट ठरलेला असतो : ‘प्रथम फ्यूज तपासावा. तरीही यंत्र सुरू न झाल्यास तज्ज्ञास दाखवावे.’ म्हणजे समजावून सांगण्याचे काम जिथून सुरू व्हायला हवे, तिथेच टिपण संपते. तज्ज्ञ नेमके काय करतो, कोणत्या क्रमाने करतो आणि तोच क्रम का धरतो, हे मराठीत सांगण्याची सवय आपल्याला राहिलेली नाही. बडोद्यात तरी ही खंत वाटायला हवी. १८९० मध्ये येथे कलाभवन सुरू झाले, तेव्हा कलाकौशल्य आणि यंत्रविद्या लोकांच्या भाषेतून शिकवावी हाच विचार त्यामागे होता.

गेल्या वर्षी सुट्टीत मी कॅलिफोर्नियात भाच्याकडे गेलो होतो. त्याच्या गॅरेजमध्ये माणसाच्या उंचीचे लाकडी कपाट होते. ते होते ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’ हे अटारी कंपनीचे १९७९ सालचे, नाणे टाकून खेळायचे व्हिडिओ गेमचे यंत्र. त्याने ते बंद अवस्थेतच विकत घेतले होते. तीन संध्याकाळी तो दोष शोधत होता आणि मी बॅटरी धरून वहीत टिपणे घेत होतो. हा लेख त्या वहीतून तयार झाला आहे. विजेचे शिक्षण नसलेल्या वाचकालाही तो कळावा, असा प्रयत्न केला आहे.

यंत्र आणि त्याची मांडणी

अटारी कंपनीची स्थापना १९७२ मध्ये झाली. ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’ नोव्हेंबर १९७९ मध्ये बाजारात आले. कल्पना लाइल रेन्स यांची आणि प्रोग्रॅम एड लॉग यांचा. खेळ साधा आहे. अंतराळात आपले त्रिकोणी यान असते, भोवती उल्कांचे खडक फिरत असतात. ते फोडायचे आणि स्वतः वाचायचे. यंत्राच्या पोटातला प्रोसेसर ६५०२ या जातीचा, म्हणजे ‘अ‍ॅपल टू’ या संगणकात होता तोच.

या यंत्राचा पडदा मात्र वेगळा आहे. जुन्या दूरचित्रवाणी संचात विजेचा किरण डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली अखंड फिरत असतो, त्यामुळे कार्यक्रम नसला तरी पडद्यावर खरखर दिसते. ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’चा किरण असा फिरत नाही. खेळाचा बोर्ड सांगेल त्या दोन बिंदूंमध्ये तो सरळ रेघ ओढतो. बोर्डाने काही सांगितलेच नाही, तर पडदा अगदी उत्तम स्थितीत असूनही काळाच राहतो. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

कपाटाच्या तळाशी वीजपुरवठ्याचा जड संच असतो. मधल्या भागात खेळाचा बोर्ड आणि त्याला पाच व्होल्ट देणारा रेग्युलेटरचा बोर्ड असतो. त्यांच्या वर पडदा, आणि सर्वांत वर खेळाचे नाव लिहिलेली काच व तिच्यामागे ट्यूबलाइट. हे सगळे तारांच्या जुडग्याने जोडलेले असते. खेळाच्या बोर्डाची एक कड तांब्याच्या पट्ट्यांची असते आणि ती खाचेच्या कनेक्टरमध्ये दाबून बसवतात. कनेक्टरच्या आत स्प्रिंगसारख्या पिना असतात. त्या पट्ट्यांना घट्ट चिकटून राहिल्या तरच वीज पलीकडे जाते.

विजेची वाट

दोष शोधण्यापूर्वी वीज कोणत्या वाटेने जाते हे माहीत हवे. अमेरिकेत भिंतीच्या सॉकेटमध्ये १२० व्होल्ट असतात, आपल्याकडे २३०. ही वीज दिशा बदलत राहणारी, म्हणजे एसी. ती फ्यूजमधून रोहित्रात जाते. रोहित्र म्हणजे ट्रान्सफॉर्मर. तो व्होल्टेज खाली आणतो. पुढे चार डायोडांचा ब्रिज असतो, तो विजेला एकाच दिशेने जायला लावतो. मात्र ही वीज अजून ठोक्याठोक्याने येत असते. ते ठोके सपाट करण्यासाठी मोठे धारित्र बसवलेले असते. पाठ्यपुस्तकात त्याला धारित्र म्हणतात, पण दुकानात सगळे कंडेन्सर म्हणतात. म्हणून मीही पुढे कंडेन्सरच म्हणेन. गावाच्या टाकीत पंपाचे पाणी धक्क्याधक्क्याने पडते, पण नळाला ते सारखे येते. कंडेन्सरचे काम तसेच. अटारीच्या त्या काळातल्या यंत्रांत तो निळ्या वेष्टणाचा, सुमारे २७,००० मायक्रोफॅरडचा असे. जुनी यंत्रे सांभाळणारे लोक त्याला ‘बिग ब्लू’ म्हणतात.

इथपर्यंत सुमारे दहा व्होल्ट मिळतात, पण ते पक्के नसतात. घरात दुसरे काही सुरू झाले की थोडे वरखाली होतात. म्हणून ते रेग्युलेटरच्या बोर्डाकडे जातात. तिथे २एन३०५५ हा जाडजूड ट्रान्झिस्टर जादा व्होल्टेज अडवतो आणि पुढे नेमके पाच व्होल्ट सोडतो. अडवलेल्या विजेची उष्णता होते. बोर्ड चार अँपिअर घेतो असे धरले, तर पाच व्होल्ट गुणिले चार अँपिअर, म्हणजे वीस वॅट नुसती उष्णता. म्हणून तो ट्रान्झिस्टर अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पंख्यांवर बसवलेला असतो. शेवटी तारा, कनेक्टर आणि खेळाचा बोर्ड.

नेमके पाचच व्होल्ट का? त्या काळच्या चिपा ४.७५ ते ५.२५ व्होल्ट या पट्ट्यातच भरवशाने चालतात. त्याखाली त्या एकदम बंद पडत नाहीत. त्या चुकायला लागतात. शून्याला एक समजतात, एकाला शून्य. बोर्डावर एक पहारेकरी मंडल असते. प्रोग्रॅम नीट चालला असेल तर तो ठरलेल्या वेळेत त्या पहारेकऱ्याला हजेरी देतो. हजेरी चुकली की पहारेकरी प्रोसेसरला पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. व्होल्टेज कमी असले की हेच पुनःपुन्हा होत राहते, आणि पडद्यावर एकही रेघ उमटत नाही.

लक्षण आणि दोष

भाच्याच्या यंत्राचे लक्षण असे होते : वरची ट्यूबलाइट लागत होती, पडदा मात्र काळा. त्याने निष्कर्ष काढला होता की वीजपुरवठा ठीक आहे आणि पडदा गेला आहे. जुना पडदा मागवण्याच्या बेतात तो होता.

या निष्कर्षात दोन चुका होत्या आणि दोन्ही आपण रोज करतो. ट्यूबलाइट एसीवर लागते. तिला पाच व्होल्टशी काही देणेघेणे नाही. ती लागली याचा अर्थ इतकाच की भिंतीतली वीज कपाटात आली आहे. आणि या यंत्राचा काळा पडदा पडद्याविषयी काहीच सांगत नाही, हे आपण वर पाहिले. लक्षण एका जागी दिसते आणि दोष दुसऱ्या जागी असतो. मधली वाट जोखल्याशिवाय दोन्ही एकच समजू नयेत, हा दुरुस्तीचा पहिला नियम.

वीज बंद ठेवून करायच्या तपासण्या

“मामा, आधी एक हात खिशात घाला,” भाचा म्हणाला. जुन्या रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांचा हा नियम आहे. दोन्ही हात यंत्रात असले आणि चूक झाली, तर वीज एका हातातून छातीमार्गे दुसऱ्या हातात जाते. पडद्याच्या नळीवर हजारो व्होल्ट असतात आणि ते यंत्र बंद केल्यावरही काही काळ टिकतात. म्हणून वीजपुरवठा तपासताना पडद्याच्या मागच्या भागाला आम्ही हात लावला नाही. ज्याला त्या कामाची माहिती नाही, त्याने तो लावूही नये.

पहिल्या संध्याकाळी यंत्राची पिन सॉकेटमधून काढलेलीच होती. मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. ती रोधकातून वाहू दिली आणि मीटरवर शून्य दिसल्यावरच पुढचे काम सुरू केले. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढण्याची पद्धत काही दुकानांत दिसते. तिने कंडेन्सर आणि डोळा दोन्हींना धोका असतो.

मग फ्यूज. ते खाचेतून बाहेर काढून मीटरने तपासले. नुसत्या नजरेने पाहिलेला फ्यूज फसवतो : आतली तार टोपणापाशी तुटलेली असली तर काचेतून शाबूत दिसते. फ्यूज खाचेतच ठेवून मोजला, तर मीटरला दुसऱ्या वाटेने जोड सापडू शकते आणि उडालेला फ्यूजही चांगला वाटतो. प्रत्येक फ्यूजवरचा आकडा यंत्राच्या पुस्तिकेशी ताडून पाहिला. पूर्वीच्या कोणी फ्यूज सारखा उडतो म्हणून जास्त अँपिअरचा बसवलेला असू शकतो. आपल्याकडे किटकॅटला जाड तार बांधतात, तोच प्रकार. फ्यूज उडणे ही तक्रार आहे. जाड तार बांधणे म्हणजे तक्रार करणाऱ्याचे तोंड बंद करणे.

फ्यूज ठीक होते. ब्रिजमधले चारही डायोड मीटरवर एका दिशेने वीज जाऊ देत होते आणि उलट दिशेने अडवत होते, म्हणजे तेही ठीक. कंडेन्सर फुगलेला नव्हता आणि त्याच्या बुडाशी ओलही नव्हती. शेवटी नुसते पाहिले आणि हुंगले. खेळाच्या बोर्डाच्या कनेक्टरचे प्लास्टिक एका टोकाला तपकिरी झाले होते. मी ते वहीत लिहिले, पण त्या वेळी त्याचा अर्थ लावला नाही.

वीज चालू करून करायच्या तपासण्या

दुसऱ्या संध्याकाळी वीज द्यायची होती. आपल्याकडचे इलेक्ट्रिशियन संशयास्पद यंत्राला सरळ वीज देत नाहीत. सिरीज बोर्ड वापरतात. यंत्राच्या वाटेत एक जुना तारेचा बल्ब जोडलेला असतो. यंत्रात शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि वीज स्वतःवर घेतो. सगळे ठीक असेल तर क्षणभर उजळून मंद होतो. भाच्याने ही युक्ती तिथल्या छंदी लोकांकडून शिकली होती. मी ती मुलगा असताना मांडवीजवळच्या एका रेडिओच्या दुकानात पाहिली होती. बल्ब मंद झाला. त्यानंतर बल्ब काढून पूर्ण वीज दिली.

आता खेळाचा बोर्ड कनेक्टरमधून बाहेर होता. हे मुद्दाम केले होते. रेग्युलेटरचा मोठा ट्रान्झिस्टर आतून शॉर्ट झालेला असेल, तर दहाच्या दहा व्होल्ट पुढे जातात आणि पाच व्होल्टच्या चिपा काही क्षणांत जळतात. त्यातल्या काही चिपांमध्ये या खेळाचा प्रोग्रॅमच कोरलेला असतो. चाळीसहून अधिक वर्षांपूर्वीचा असा बोर्ड गमावला तर तो तसाच पुन्हा मिळेल याची खात्री नसते. म्हणून आधी बोर्डाशिवाय मोजायचे.

मोठ्या कंडेन्सरवर १०.४ व्होल्ट मिळाले. मीटर एसीवर फिरवून त्याच जागी किती ठोके उरले आहेत ते पाहिले. ते किरकोळ होते, म्हणजे कंडेन्सरने जीव सोडलेला नव्हता. रेग्युलेटरच्या तोंडाशी ५.० व्होल्ट होते. भाचा खूश झाला : “बघा, सप्लाय एकदम ओके आहे.”

वीजपुरवठ्याची तपासणी बहुतेक वेळा इथेच फसते. ओझे नसताना घेतलेले माप म्हणजे रिकाम्या गाडीची परीक्षा. गाडी चढ चढते का, हे माल भरल्यावरच कळते. आम्ही वीज बंद केली, बोर्ड जोडला, पुन्हा चालू केली. रेग्युलेटरच्या तोंडाशी अजूनही ५.० व्होल्ट होते. खेळाच्या बोर्डावर मात्र, तिथे मोजण्यासाठी ठेवलेल्या टोकांवर, ४.४ होते.

अंतर मोजणे

०.६ व्होल्ट वाटेत कुठेतरी हरवत होते. इथे भाषेची एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. बोलताना आपण ‘इथे पाच व्होल्ट आहेत’ असे म्हणतो. खरे तर कुठल्याही एका जागी व्होल्ट नसतात. ते नेहमी दोन जागांच्या दरम्यान असतात. शालेय पुस्तकातला ‘विभवांतर’ हा शब्द विद्यार्थ्यांना जड वाटतो, पण त्यात ‘अंतर’ आहे. कोठून कोठपर्यंत, हा प्रश्न त्या शब्दातच दडलेला आहे. ‘व्होल्टेज’ या शब्दाने तो प्रश्न विचारला जात नाही. दुरुस्तीचे टिपण लिहिताना प्रत्येक मापाबरोबर ‘अमुक जागेपासून तमुक जागेपर्यंत’ असे लिहिले पाहिजे, नाहीतर ते माप निरुपयोगी ठरते.

अटारीच्या पुस्तिकेतली कृती याच तत्त्वावर आहे. वीज बोर्डाकडे एका तारेने जाते आणि दुसऱ्या तारेने परत येते. गळती जाणाऱ्या वाटेत आहे की येणाऱ्या, हे दोन मापांत कळते. मीटरचे काळे टोक रेग्युलेटरच्या ग्राउंडवर आणि लाल टोक खेळाच्या बोर्डाच्या ग्राउंडवर ठेवायचे. दोन्ही एकाच तारेची टोके असल्यामुळे शून्य यायला हवे. आम्हाला ०.०५ मिळाले, चालण्यासारखे. मग एक टोक रेग्युलेटरच्या पाच व्होल्टवर आणि दुसरे बोर्डाच्या पाच व्होल्टवर. इथेही शून्याच्या जवळपास यायला हवे होते, आले ०.५५. दोन्हींची बेरीज ०.६०. हरवलेल्या व्होल्टचा हिशेब पूर्ण लागला, आणि गळती जाणाऱ्या वाटेत आहे हेही कळले.

आता तीच वाट दोन भागांत विभागली. रेग्युलेटरपासून कनेक्टरच्या मागे शिरणाऱ्या तारेपर्यंत ०.०७. कनेक्टरच्या पिनेपासून बोर्डावरच्या तांब्याच्या पट्टीपर्यंत ०.४८. पिन आणि पट्टी यांच्यात दिसण्याजोगी जागाही नसते, तरी जवळजवळ अर्धा व्होल्ट तिथेच खर्च होत होता. करंट आम्ही मोजला नव्हता. पुन्हा चार अँपिअर धरले, तर ओहमच्या नियमाने त्या सांध्याचा रोध ०.१२ ओहम येतो. हा आकडा नगण्य वाटतो, पण ०.४८ गुणिले चार म्हणजे सुमारे दोन वॅट उष्णता तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत तयार होते. पहिल्या दिवशी मी नोंदवलेले तपकिरी प्लास्टिक आता समजले. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने पिनांची ताकद जाते, सैल पिनेवर गंज चढतो, गंजाने रोध वाढतो आणि रोधाने उष्णता आणखी वाढते. हे चक्र वयाचे आहे. त्यात बनवणाऱ्याचा काही दोष नाही.

खबर आणणारी तार

एक प्रश्न मात्र उरला होता. या यंत्राच्या रेग्युलेटरला वाटेतली गळती भरून काढण्याची सोय असते. बोर्डापासून दोन बारीक तारा रेग्युलेटरकडे परत येतात. त्यांतून वीज पुरवली जात नाही. बोर्डावर प्रत्यक्षात किती व्होल्ट पोहोचले त्याची नुसती खबर येते. भाचा त्यांना ‘सेन्स लाइन’ म्हणतो. मी वहीत ‘खबर तार’ लिहिले. बोर्डावर ४.४ आहेत अशी खबर आली असती, तर रेग्युलेटरने आपले तोंड ५.६ पर्यंत वाढवून बोर्डाला पाच दिले असते. मग त्याने ते का केले नाही?

कारण खबर पोहोचतच नव्हती. त्याच कनेक्टरमध्ये, जळक्या पिनेच्या शेजारी, खबर तारेची पिनही निकामी झाली होती. खबर तुटली की रेग्युलेटर स्वतःच्या तोंडाशी किती व्होल्ट आहेत तेवढेच पाहतो. तिथे पाच होते, म्हणून तो समाधानी होता.

या टप्प्यावर भाच्याचा हात स्क्रूड्रायव्हरकडे गेला. रेग्युलेटरवर व्होल्टेज कमीजास्त करण्यासाठी एक प्रीसेट असतो. तो थोडा फिरवला की तोंडाशी ५.६ आणि बोर्डावर पाच, खेळ सुरू. कितीतरी यंत्रे अशीच ‘दुरुस्त’ होतात. पण जो सांधा जळतो आहे त्यातून तेवढाच करंट जात राहतो आणि तो आणखी जळतो. आणि पुढे कधी कोणी बोर्ड काढून पुन्हा दाबून बसवला, पिन चुकून चांगली टेकली, तर तेच ५.६ जवळजवळ तसेच चिपांवर पडतात. प्रीसेटने आकडा बरोबर येतो, दोष तसाच राहतो. मी त्याला म्हटले, “आधी सांधा, मग स्क्रू.” तीन दिवसांत माझे तांत्रिक योगदान एवढेच.

तिसऱ्या संध्याकाळी वीज बंद करून कनेक्टरच्या पाच व्होल्टच्या आणि खबर तारेच्या पिना बदलल्या. जळलेली पिन घासून साफ करणे म्हणजे वेळ मारून नेणे. गेलेली ताकद घासून परत येत नाही. बोर्डाच्या पट्ट्या मात्र साफ करण्याजोग्या होत्या. पॉलिशपेपरने त्यांवरचा मुलामा निघून जातो, म्हणून साधे खोडरबर आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरले. बोर्ड बसवला. रेग्युलेटरपाशी ५.१, बोर्डावर ५.०. पडद्यावर आधी एक फिकट रेघ आली आणि मग खडक तरंगायला लागले. अर्ध्या तासाने, सगळे तापल्यावर, पुन्हा मोजले. आकडे तेच राहिले. तापल्यानंतरचे हे माप घेतल्याशिवाय काम संपले असे म्हणू नये, कारण डाखातली बारीक भेग पुष्कळदा गरम झाल्यावरच उघडते.

इतर दोष थोडक्यात

प्रत्येक काळा पडदा कनेक्टरमुळेच असेल असे नाही. यंत्र चालू करताच फ्यूज उडत असेल, तर आधी ब्रिजमधला एखादा डायोड शॉर्ट आहे का ते पाहावे. आवाजात घरघर आणि चित्रात डुलणे असेल, तर मोठ्या कंडेन्सरवर संशय घ्यावा. रेग्युलेटरच्या तोंडाशी नऊ-दहा व्होल्ट दिसले, तर ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे. बोर्ड जोडूच नये. रेग्युलेटरच्या बोर्डावर खबर तारेच्या वाटेतले छोटे रोधक करपलेले दिसले, तर मुख्य वाट कुठेतरी तुटली आहे आणि तिचा भार त्या बारीक वाटेवर आला होता असे समजावे.

१९८५ मध्ये जपानमध्ये ‘जामा’ ही कनेक्टरची प्रमाण रचना ठरली. त्यानंतरच्या यंत्रांत जड रोहित्राऐवजी स्विचिंग सप्लायचा हलका डबा आला. आपल्याकडे नव्वदच्या दशकातल्या व्हिडिओ गेम पार्लरांत ज्यांचे खिसे रिकामे झाले, त्यांनी या पिढीची यंत्रे पाहिली असतील. त्यातही नियम तोच : ओझ्यासह मोजा आणि बोर्डावर मोजा. फक्त धोका वाढतो. आपल्या २३० व्होल्टवर त्या डब्यातल्या पहिल्या कंडेन्सरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट साठतात. म्हणून नवशिक्याने तो डबा उघडू नये, पूर्ण बदलावा.

लिहिणाऱ्यांसाठी

साहित्याच्या अभ्यासकाला ही रीत अनोळखी वाटू नये. पाठचिकित्सेत आपण हेच करतो. हस्तलिखितातला अपपाठ ज्या प्रतीत आपल्याला दिसतो, तिथेच तो जन्मलेला असतो असे नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, त्याआधी किती हातांतून ती गेली होती! लगतच्या दोन प्रती समोरासमोर ठेवायच्या, फरक जिथे पडतो ती जागा गाठायची, आणि तोपर्यंत आपल्याला सोयीची वाटणारी दुरुस्ती करण्याचा मोह आवरायचा. पाठ मनाने ‘सुधारणे’ आणि प्रीसेट फिरवणे यांत फारसा फरक नाही.

या सत्रापासून आमच्या वर्गातल्या टिपणाची अट मी बदलली आहे. मिक्सर, सायकल, पाण्याचा पंप, शेजाऱ्याचे शिवणयंत्र, काहीही चालेल. त्यात चार गोष्टी आल्याच पाहिजेत : लक्षण काय होते, पहिला अंदाज काय होता आणि तो का चुकला, कोठून कोठपर्यंत काय तपासले, आणि दुरुस्तीनंतर पुन्हा काय पाहिले. शब्द पुस्तकातला वापरावा की दुकानातला, याचा वाद आधी घालू नये. धारित्र म्हणा किंवा कंडेन्सर, एकदा ओळख करून द्या आणि शेवटपर्यंत तोच शब्द ठेवा. ‘तज्ज्ञास दाखवावे’ हे वाक्य वर्ज्य नाही. पडद्याच्या नळीपाशी आणि स्विचिंग सप्लायच्या डब्यापाशी मीही ते लिहिले आहे. पण ते कुठे लिहायचे आणि का, हे वाचकाला कळेल इतके त्याच्या आधी लिहिलेले असावे.